सोंड म्हणजे नुसतं नाक नव्हे

मराठीतली 'सोंड' संस्कृतातल्या 'शुण्डा'पासून आली. पाली-प्राकृतात 'सोंडा' झालं आणि तोच ओकार मराठीत टिकला. हिंदीत मात्र 'सूँड' म्हणतात. पण या अवयवाची खरी ओळख हत्तीच्या जुन्या नावांत आहे. ऋग्वेदात तो 'मृग हस्तिन्', म्हणजे हात असलेला पशू. 'करी' या नावातही हातच आहे. अमरकोशातलं 'द्विप' तर फारच नेमकं: दोनदा पिणारा, आधी सोंडेने आणि मग तोंडाने.

कारण हत्ती सोंडेने थेट पाणी पीत नाही. नाक आणि वरचा ओठ एकत्र होऊन सोंड बनते आणि दोन्ही नाकपुड्या तिच्या टोकापर्यंत जातात. त्या वाटेने पाणी थेट आत गेलं तर श्वासमार्गात उतरेल. म्हणून हत्ती पाणी सोंडेत ओढून धरतो, टोक तोंडात वळवतो आणि तिथे सोडतो. लहान पिल्लाला हे जमत नाही. ते आईचं दूध तोंडानेच पितं आणि सुरुवातीचे काही महिने पाण्यालाही थेट तोंड लावतं.

ओढण्याची ताकद कुठून येते? अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका आफ्रिकी हत्तिणीची सोंड अल्ट्रासाउंडने पाहिली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की पाणी ओढताना नाकपुड्यांची त्रिज्या ३० टक्क्यांपर्यंत वाढते, त्यामुळे आतली जागा तब्बल ६४ टक्के वाढू शकते. खाद्य ओढतानाचा हवेचा वेग त्यांनी सेकंदाला सुमारे १५० मीटर काढला. एवढ्या जोराच्या या नाकाने हत्तीण मक्याची पातळ कुरकुरीत चकतीही न मोडता उचलत होती.

सोंडेत हाड एकही नाही, सगळे स्नायूच. त्यांचं एकूण आकारमान बदलत नाही, म्हणून लांबीच्या दिशेचे स्नायू आवळले की सोंड आखूड आणि जाड होते, आडवे आवळले की बारीक होऊन लांब जाते. तिरपे स्नायू तिला पीळ देतात. टोकाला आशियाई हत्तीला एक बोट, आफ्रिकीला दोन. त्यामुळे आफ्रिकी हत्ती चिमटीत धरतो, तर आशियाई बऱ्याचदा वेटोळं घालून उचलतो. नाक म्हणूनही ती थोर आहे: हत्तीत वास ओळखणारी सुमारे २,००० जनुकं आहेत, कुत्र्याच्या दुपटीहून जास्त.

मराठीने हा शब्द आकारावरून पुढे नेला. डोंगराची सोंड असते, विहिरीतून पाणी उपसायच्या मोटेलाही कातड्याची सोंड असे. मोट वर येताना बारीक दोराने सोंडेचं तोंड उंच धरलेलं असायचं. ते खाली असतं तर पाणी विहिरीतच सांडलं असतं. वर आल्यावर सोंड पुढे सरकून थारोळ्यात, म्हणजे विहिरीकाठच्या कुंडात, पाणी ओतायची.

धान्यातल्या सोंडकिड्याची सोंड मात्र नाक नाहीच. तिच्या टोकाला जबडे असतात. वास घेतात त्या तिच्यावर उगवलेल्या मिशा. मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि चिकट स्रावाने भोक बुजवते. त्यामुळे तांदूळ चाळले की चालते किडे जातात, अंडी आणि अळ्या दाण्यातच राहतात आणि काही आठवड्यांनी डबा पुन्हा भरतो. साठवण्याआधी धान्य ८ ते १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवावं, डबा कोरडा आणि घट्ट झाकणाचा असावा. दाणे पाण्यात टाकून पाहावेत. आतून पोखरलेले वर तरंगतात.