फरशी फुगत नाही, तिच्याखालची जमीन आखडते

थंडीच्या रात्री धाडकन आवाज होतो आणि स्वयंपाकघरातल्या दोन टाइल्स एकमेकींना टेकून तंबूसारख्या उभ्या राहतात. असे व्हिडिओ हल्ली बरेच फिरतात आणि त्यांखालचे तर्कही ठरलेले: भूकंप, जमिनीत साठलेला गॅस, घराला झालेली बाधा. ही बाधा नेमकी सांधे न सोडता बसवलेल्या फरशीतच का शिरते, हे मात्र कोणी सांगत नाही.

खरं कारण टाइल बसवण्याच्या आधीच्या कामात असतं. टाइलखालचा नवा कोबा, म्हणजे सिमेंट-वाळूचा थर, वरून पांढरट, कोरडा दिसला तरी आतून ओलाच असतो. सिमेंट घट्ट होताना स्वतःच्या वजनाच्या जेमतेम पावपट पाणी रासायनिक क्रियेत कायमचं बांधून घेतं. पण तेवढ्याच पाण्यात कालवलं तर मसाला पसरणार नाही, म्हणून आपण दुप्पट किंवा जास्तच घालतो. हे जादा पाणी बारीक छिद्रांत अडकून राहतं आणि सावकाश बाहेर पडतं. पाच सेंटीमीटरपर्यंतच्या कोब्यासाठी ढोबळ हिशेब असा, की दर मिलिमीटर जाडीला एक दिवस. आणि ही मोजणी पाणी मारणं थांबवल्यावर सुरू होते. ‘अठ्ठावीस दिवस झाले, आता चालेल’ असं मिस्त्री म्हणतात, पण अठ्ठावीस दिवसांचा आकडा काँक्रीटच्या ताकदीचा आहे. वाळण्याशी त्याचा संबंध नाही.

आता गंमत बघा. छिद्रातलं पाणी कमी होऊ लागलं की उरलेल्या पाण्याचा पृष्ठभाग आत वळतो आणि पृष्ठताणामुळे ते पाणी छिद्राच्या भिंती आत ओढतं. या ओढीचं सूत्र सोपं आहे: पृष्ठताणाची दुप्पट भागिले त्रिज्या. त्रिज्या भागाकारात असल्यामुळे छिद्र जितकं बारीक, तितकी ओढ जबर. 20 नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रात ती 7 मेगापास्कलच्या वर जाते, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या साधारण 70 पट. कोब्याच्या प्रत्येक कणाकणात अशी असंख्य छिद्रं असतात. सगळा कोबा आखडतो तो यामुळे. किती? मीटरमागे अर्धा मिलिमीटर धरायला हरकत नाही. विट्रिफाइड टाइल मात्र अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे ती आखडत नाही. खालची जमीन लहान होते, वरची टाइल आहे तेवढीच राहते आणि चारी बाजूंनी दाबली जाते.

तीन मीटर लांबीच्या स्वयंपाकघरात हा फरक दीड मिलिमीटर. क्षुल्लक वाटतो ना? टाइल्सची ओळ मधोमध उचलली जाते असं धरा आणि शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय लावा. तंबूची प्रत्येक बाजू, म्हणजे कर्ण, 1500 मिलिमीटर आणि पाया 1499.25. वर्गांची वजाबाकी करून वर्गमूळ काढलं की उंची येते 47 मिलिमीटर! प्रत्यक्षात सगळी ओळ सुटत नाही, म्हणून आकडा बदलतो. पण दीड मिलिमीटर सरकण्यातून टाइल जवळजवळ पाच सेंटीमीटर उचलली जाऊ शकते, ही भूमितीची करामत आहे. चिकटवण टिकून असते तोवर या दाबाची ऊर्जा टाइलमध्ये साठत राहते. मग थंडी पडते. काँक्रीट दर अंशाला दहा लाखांत सुमारे दहा भाग आखडतं, टाइल सहा-सात. फरक थोडाच, पण काठावर आलेल्या फरशीला तेवढा पुरतो.

उपाय दोन: कोबा वाळू द्या आणि हालचालीला जागा ठेवा. टाइल भिंतीला भिडवू नका. पाच-सहा मिलिमीटरची फट सोडा आणि तीत ग्राउट (सांध्यात भरायचा सिमेंटचा लगदा) न भरता लवचीक सिलिकॉन भरा. स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीखाली, ती दिसतही नाही. ओट्याच्या पायाशीही तेच. दोन टाइल्समध्ये निदान दोन मिलिमीटरचा स्पेसर, म्हणजे सांध्याची जागा राखणारा तुकडा, हवा. जाहिरातीतली ‘सांधाच नसलेली फरशी’ फोटोत देखणी दिसते, पण तिथे आखडणाऱ्या कोब्याला वाट कुठे आहे?

बाथरूमची लांबी कमी, म्हणून तिथे टाइल उचलण्याची भीती कमी. तिथला शत्रू पाणी. ग्राउट सिमेंटचं असतं, त्यातून पाणी झिरपतंच. म्हणून वॉटरप्रूफिंगचा थर टाइलच्या खाली हवा, भिंतीवर थोडा चढवलेला आणि कोपऱ्यांत गोलाई केलेला. मग ट्रॅप (पाणी वाहून जाण्याचं तोंड) बुजवून चोवीस तास पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या छतावर ओल येते का ते पाहायचं. उतार, दर 80 सेंटीमीटरला एक सेंटीमीटर, कोब्यातच द्यावा. चिकटवणीचा थर जाडबारीक करून उतार साधला, की टाइलखाली पोकळ्या राहतात आणि ठोकल्यावर बद्द आवाज येतो.

शेवटी पृष्ठभाग. झाडूनही हात पांढरा होत असेल, तर चिकटवण धुळीला चिकटेल, कोब्याला नाही. पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. क्षणात शोषला गेला तर जमीन फार तहानलेली आहे, ती चिकटवणीतलंही पाणी ओढून घेईल. आधी प्रायमर, म्हणजे शोषण कमी करणारा पातळ लेप, लावा. थेंब तसाच गोल राहिला तर वर तेलकट थर आहे, आणि जुन्या स्वयंपाकघरात तो हमखास असतो. तो खरवडून, टाचे मारून काढल्याशिवाय टाइलचं खोकं उघडूच नका.