एकट्याचा खेळ, चौघांचा खेळ, मॉडरचा खेळ

नवा गेम जाहीर झाला की भांडण ठरलेलं. कोणी म्हणतं, सगळी मेहनत मल्टिप्लेअरवर (अनेकांनी मिळून खेळायच्या भागावर) गेली आणि कॅम्पेन, म्हणजे एकट्याने खेळायची कथा, नावापुरता उरला. कोणी विचारतं, मॉड, म्हणजे खेळाडूंनी (मॉडरांनी) स्वतः गेममध्ये केलेले बदल, का चालत नाहीत? चर्चा बहुधा कंपनीच्या पैशावर आणि वेळेवर येऊन थांबते. पण या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या पायात येतात त्याचं मूळ दुसरीकडे आहे. शत्रू मेला की नाही, पेटीतून काय निघालं, याचा निवाडा कोणाच्या मशीनवर होतो, हा तो प्रश्न.

सुरुवातीला तो नव्हताच. १९६२ चा स्पेसवॉर आणि १९७२ चा पाँग हे दोघांनी, एकाच यंत्रासमोर उभं राहून खेळायचे गेम होते.

खरी गोष्ट सुरू होते ती वॉल्फेन्स्टाईन थ्रीडीपासून (१९९२). कंपनीने काहीही मदत दिली नसताना खेळाडूंनी त्याचे लेव्हल एडिटर, म्हणजे नवे टप्पे रचायची साधनं, बनवले. अडचण एकच: नवी लेव्हल घालायची तर मूळ फाइलच बदलावी लागे. ते पाहून इड सॉफ्टवेअरच्या जॉन कारमॅक यांनी डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या डूममध्ये लेव्हल, चित्रं, आवाज हे सगळं इंजिनापासून (गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामपासून) वेगळं काढून ‘वॅड’ फाइलमध्ये ठेवलं. मॉडरने आपली वॅड वरून लावायची, मूळ गेमला धक्का नाही. त्याच डूममध्ये लॅनवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या जवळच्या संगणकांवर, चौघे खेळू शकत. प्रत्येक मशीन सेकंदाला ३५ वेळा फक्त आपल्या खेळाडूची हालचाल इतरांना कळवायचं आणि बाकीचं जग ज्याचं त्याने मोजायचं. एकट्याने खेळणं म्हणजे तोच हिशेब, एका खेळाडूचा. तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली सुखाने नांदल्या त्या या रचनेमुळे.

अट एवढीच की सगळ्यांकडे तंतोतंत तोच गेम आणि तीच वॅड हवी. ही अट किती नाजूक असते ते पुढे एज ऑफ एम्पायर्सच्या (१९९७) प्रोग्रामरांनी लिहून ठेवलं आहे. नकाशा तयार होताना एका मशीनवर एखादं हरीण किंचित वेगळ्या जागी पडलं, तर ते थोडं वेगळं चरायचं. काही मिनिटांनी गावकऱ्याचा भाला चुकायचा, तो मांसाविना परतायचा आणि दोन खेळाडूंचे गेम कायमचे फाटायचे. यालाच डीसिंक म्हणतात. आजही फॅक्टोरिओसारख्या गेममध्ये मल्टिप्लेअरला मॉड जुळवून घ्यावे लागतात ते याचमुळे.

क्वेकने (१९९६) दुसरी वाट धरली: निवाडा सर्व्हरचा, म्हणजे सगळे ज्याला जोडले जातात त्या एका मशीनचा. त्याचे नियम ‘क्वेक-सी’ या भाषेत मॉडरांना खुले होते, म्हणून टीम फोर्ट्रेस हा मॉड जन्माला आला. क्वेकचंच इंजिन परवान्यावर घेऊन, बरंच बदलून व्हॉल्व्हने हाफ-लाइफ (१९९८) काढला, तोही मुख्यतः एकट्याने खेळायचा कथाप्रधान गेम. त्यावर मिन ले आणि जेस क्लिफ यांनी १९९९ मध्ये काउंटर-स्ट्राइक हा मॉड केला आणि पुढच्याच वर्षी व्हॉल्व्हने तो आपल्याकडे घेतला. हे उदाहरण ‘साधनं द्या, बाकी आपोआप होईल’ असं सांगायला हमखास वापरलं जातं. मला ते अर्धंच पटतं. तेव्हा सर्व्हर खेळाडूच चालवत होते आणि पणाला फारसा पैसा नव्हता.

पैसा आणि प्रतिष्ठा आली की काय होतं ते ब्लिझार्ड कंपनीच्या डायब्लो या राक्षस मारून माल गोळा करायच्या मालिकेत स्वच्छ दिसतं. पहिल्या डायब्लोत तुमचं पात्र तुमच्याच डिस्कवर असे. फाइल खोलून हवी ती तलवार देता येई, मग ऑनलाइन खेळाची वाट लागली. डायब्लो २ ने (२००० साली) दोन दारं ठेवली. उघड्या दारातून स्वतःचं पात्र घेऊन या. बंद दारामागे पात्र ब्लिझार्डच्या सर्व्हरवरच राहील. एकट्याच्या खेळात मनसोक्त मॉड करा. माझ्या मते इतकी प्रामाणिक तडजोड नंतर फारशी झाली नाही. डायब्लो ३ ने (२०१२) उघडं दारच काढून टाकलं. पीसीवर एकट्याने खेळायचं तरी सर्व्हर हवा. पहिल्याच दिवशी सर्व्हरवर गर्दी झाली आणि लोक ‘एरर ३७’ बघत बसले. वर गेममधला माल खऱ्या पैशांत विकायचं-घ्यायचं लिलावघर. राक्षस मारून माल मिळवण्याची मजाच त्याने मारली, हे ब्लिझार्डने शेवटी मान्य केलं आणि मार्च २०१४ मध्ये ते बंद केलं. गंमत म्हणजे २०१३ ची कन्सोल आवृत्ती ऑफलाइन व्यवस्थित चालत होती.

माइनक्राफ्टने उलट टोकाकडून वाट काढली. २०१२ च्या १.३ आवृत्तीपासून एकट्याचा खेळही आतल्या आत स्वतःचा छोटा सर्व्हर चालवतो. त्याआधी दोन्हींचा कोड वेगळा असल्याने मॉडरांची मेहनत दुप्पट होई. पण या आतल्या सर्व्हरचा जादा भार मशीनवर पडतो, त्याची किंमत हलक्या मशीनवाल्यांनी मोजली.

आकड्यांचा समतोल, म्हणजे कोणाची ताकद किती ठेवायची हे, त्या मानाने सोपं. स्टारक्राफ्ट २ ने (२०१०) कॅम्पेनमध्ये मेडिक, फायरबॅटसारखे युनिट (सैनिकांचे प्रकार) ठेवले, जे स्पर्धेच्या खेळात नाहीतच. मग एकीकडचा पॅच (कंपनीने नंतर केलेली दुरुस्ती) दुसरीकडची मजा घालवत नाही. फसवणूक पकडणाऱ्या अँटी-चीट प्रोग्रामचं तसं नाही. बदललेली फाइल मॉडची की फसवणुकीची, हे त्याला कळत नाही. म्हणून एल्डन रिंगमध्ये (२०२२) मॉड लावायचे तर अँटी-चीट टाळून, अधिकृत ऑनलाइन खेळापासून दूरच राहावं लागतं.

मालकीचा पेच वेगळाच. ब्लिझार्डच्याच वॉरक्राफ्ट ३ च्या मॅप एडिटरमधून (नकाशे रचायच्या साधनातून) मॉडरांनी डोटा हा नवाच गेम घडवला. त्याचा पुढचा अवतार मात्र व्हॉल्व्हकडे गेला. २०२० मध्ये वॉरक्राफ्ट ३ ची नवी आवृत्ती आली तेव्हा ब्लिझार्डच्या अटींत खेळाडूंनी बनवलेल्या गेमचे हक्क कंपनीचे, असं कलम होतं.

मार्च २०२४ च्या अखेरीस युबिसॉफ्टने द क्रू या रेसिंग गेमचे सर्व्हर बंद केले. त्यातली कथा एकट्याने खेळता येत होती, पण निवाडा सर्व्हरकडेच असल्याने तीही गेली. गेम बंद करताना तो चालता ठेवण्याची सोय करा, ही युरोपातली मोहीम त्यातूनच उभी राहिली. त्याच वर्षी कंपनीने द क्रू २ साठी ऑफलाइन मोड आणण्याचं जाहीर केलं.