लक्षद्वीपच्या लगूनमध्ये उतरण्यापूर्वी

सह्याद्रीचा काळा कातळ आणि लक्षद्वीपची पांढरी वाळू यांच्यात वरकरणी कोणतेच नाते दिसत नाही, तरी भूशास्त्रज्ञ या दोहोंचे मूळ एकाच ठिकाणी शोधतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट हिंदी महासागरातील ज्या तप्तस्थळावरून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तप्त शिलारस वर येतो अशा जागेवरून, सरकत होता, त्यातून बाहेर पडलेल्या लाव्हाने दख्खनचे पठार घडवले. भूपट्ट उत्तरेकडे सरकत राहिला, तप्तस्थळ मात्र जवळपास जागच्या जागी राहिले, आणि समुद्रतळावर ज्वालामुखींची एक लांबलचक रांग उमटत गेली. लक्षद्वीप, मालदीव आणि छागोस ही बेटे ज्या सागरी कटकावर, म्हणजे समुद्राखालच्या डोंगररांगेवर, उभी आहेत तो कटक म्हणजे हीच रांग, असे सामान्यतः मानले जाते. १९८७ मध्ये मालदीवजवळ समुद्रतळाला छिद्र पाडून केलेल्या वेधनात सुमारे ५.७ कोटी वर्षे जुना बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक, सापडला, म्हणजे वयाने तो दख्खनच्या कातळापेक्षा थोडासाच धाकटा आहे. रियुनियन बेटावरील आजचा जागृत ज्वालामुखी हे त्याच तप्तस्थळाचे सध्याचे तोंड होय.

लक्षद्वीपला गेलेल्या पर्यटकाला हा बेसाल्ट कुठेही दिसत नाही, कारण तो प्रवाळांनी रचलेल्या चुनखडीच्या जाड थराखाली गाडला गेला आहे. थंड होत जाणारा ज्वालामुखी हळूहळू खचतो, त्याच्या काठावरचे प्रवाळ मात्र प्रकाशासाठी वर वर वाढत राहतात, आणि डोंगर बुडाल्यावर त्याच्या जागी प्रवाळांचे कडे तेवढे उरते, अशी उपपत्ती चार्ल्स डार्विन यांनी १८४२ मध्ये मांडली. तिचा भक्कम पुरावा हाती यायला शंभरहून अधिक वर्षे लागली: १९५२ मध्ये प्रशांत महासागरातील एनिवेटॉक येथे बाराशे मीटरहून अधिक चुनखडी भेदल्यावर खाली ज्वालामुखीचा खडक लागला. अलीकडचे संशोधक या चित्रात एक महत्त्वाची भर घालतात. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होती, तेव्हा हे चुनखडीचे माथे उघडे पडले. पावसाच्या पाण्याने त्यांचा मधला भाग अधिक विरघळला आणि त्याची बशी झाली. समुद्र पुन्हा चढल्यावर उंच राहिलेल्या काठावर प्रवाळांनी नव्याने बांधकाम सुरू केले. म्हणजे ज्या लगूनमध्ये, प्रवाळकड्याच्या आतल्या उथळ पाण्यात, आपण आज कयाक चालवतो, तिच्या तळाचा आकार काही अंशी पावसाने कोरलेला आहे.

कोचीपासून साधारण २०० ते ४४० किलोमीटर अंतरावर पसरलेल्या या द्वीपसमूहाची एकूण जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर आहे, तर लगूनचे क्षेत्र सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर आहे. बित्रा बेटावर हे प्रमाण फारच ठळकपणे दिसते: दादरच्या शिवाजी पार्कच्या मैदानाएवढी जमीन आणि तिच्यासमोर ४५ चौरस किलोमीटरची लगून. येथील बहुतेक कंकणद्वीपांत, म्हणजे कड्याच्या आकाराच्या प्रवाळरचनांत, बेट पूर्वेच्या काठावर असते, रुंद आणि भक्कम प्रवाळभित्ती पश्चिमेला असते, आणि लगून या दोहोंच्या मध्ये असते. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा दरवर्षी पश्चिमेकडून आदळतात. त्यांचा जोर भित्तीवर मोडतो आणि झिजलेला चुरा पूर्वेकडच्या शांत बाजूला साचत जातो. पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतच असतो, त्यामागेही हेच वारे आहेत.

डायव्हिंगसाठी जाणारी मंडळी लगूनला बहुधा नवशिक्यांची जागा समजतात. माझ्या मते हा तिच्यावर अन्याय आहे. कंबरभर पाण्यात मास्क लावून तासभर पालथे तरंगले, तर बेट कसे तयार होते ते प्रत्यक्ष पाहता येते. पोपटमासे प्रवाळखडक चोचीसारख्या दातांनी खरवडतात, त्यावरचे शैवाल पचवतात आणि चुनखडीचा भुगा मागे सोडतात. पाण्यात कान दिला तर त्यांच्या दातांचा करकर आवाज स्पष्ट ऐकू येतो. मालदीवमधील एका प्रवाळभित्तीच्या अभ्यासात नव्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू या माशांनीच तयार केल्याचे आढळले. किनाऱ्यावर हनिमूनची छायाचित्रे काढणाऱ्यांना ही माहिती देऊ नये हे बरे, पण ती शुभ्र वाळू बऱ्याच अंशी माशांची विष्ठा आहे.

लगूनच्या तळावरील सागरी गवताची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. हिरवी कासवे हे गवत चरतात, आणि अगत्ती बेटाच्या लगूनमध्ये त्यांची संख्या इतकी वाढली की गवताची कुरणे विरळ होऊन त्यांत वाढणारे मासेही घटले. एका लगूनमधले गवत संपत आले की कासवांचे कळप दुसरीकडे वळतात. पर्यटकाला कासव दिसले की सफर सार्थकी लागते. स्थानिक मच्छीमाराला मात्र तेच कासव आपल्या जाळ्याचे आणि मिळकतीचे नुकसान करणारे वाटते, आणि त्याची तक्रार निराधार नाही. येथील ट्यूनाची मासेमारी गळ बांधलेल्या काठ्यांनी होते आणि तिला लागणारे जिवंत आमिष, म्हणजे छोटे मासे, याच लगूनमधून पकडले जातात.

भित्तीतील खिंडीतून बाहेर पडले की तळ एकदम खाली जातो. भरतीच्या वेळी या खिंडींतून महासागराचे नितळ पाणी आत येते, ओहोटीला लगूनमधील गढूळ पाणी बाहेर पडते. त्यामुळे डायव्ह कधी करायचा हे प्रशिक्षक भरतीचे वेळापत्रक पाहून ठरवतात. सुरुवातीच्या पाच-दहा मीटरांतच लाल रंग शोषला जातो, म्हणून टॉर्च नसेल तर लालभडक प्रवाळही करडे दिसतात. मास्कमधील हवेमुळे प्रकाशाचे वक्रीभवन होऊन प्रत्येक वस्तू सुमारे एक-तृतीयांशाने मोठी भासते, तेव्हा परतल्यावर सांगितलेल्या माशांच्या लांबीतून चौथा हिस्सा वजा करावा.

दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तेथे टाकीतून घेतलेला श्वास रोखून कोणी वर आला, तर फुप्फुसांतील हवा प्रसरण पावून त्यांना इजा करू शकते. श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिला नियम त्यासाठीच असतो. दाबाखाली रक्तात आणि ऊतींत विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायलाही वेळ लागतो. विमानात हवेचा दाब कमी असल्याने त्याचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो, म्हणून अनेक डाइव्ह केल्यावर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा असा सल्ला दिला जातो. अगत्तीहून विमानाने परतणाऱ्यांनी शेवटचा दिवस लगूनसाठी राखून ठेवावा.

या प्रवाळभित्तीवर आज दिसणारे प्रवाळ पंचवीस वर्षांपूर्वीच्या मानाने बरेच कमी आहेत. प्रवाळाच्या ऊतींत राहणारे सूक्ष्म शैवाल त्याला बहुतांश ऊर्जा पुरवते. नेहमीच्या कमाल उन्हाळी तापमानापेक्षा पाणी अंशभराने जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, तर हे सहजीवन मोडते, शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरे पडतात. लक्षद्वीपमध्ये असे मोठे विरंजन १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये झाले, आणि २०२४ मध्ये पुन्हा झाले. अगत्ती, कडमत आणि कवरत्ती येथील २४ वर्षांच्या निरीक्षणांनुसार जिवंत प्रवाळांचे आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या आत आले आहे. फांद्यांसारखे वाढणारे प्रवाळ अनुकूल काळात वर्षाला दहा सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतात, गोलाकार प्रवाळ मात्र साधारण एकच सेंटिमीटर. त्यामुळे दोन विरंजनांमधील अंतर कमी होणे हीच खरी चिंतेची बाब आहे. त्यात पाय टेकवून मोडलेल्या फांद्यांची भर पडू नये. प्रवाळाचा तुकडा उचलून आणणे हा तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हाच आहे.

पर्यटकांची संख्या वाढली तर आधी ताण येईल तो गोड्या पाण्यावर. सच्छिद्र चुनखडीत मुरलेले पावसाचे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगत असते. घनतेतील फरकामुळे समुद्रपातळीच्या वर ते एक मीटर असेल तर खाली सुमारे ४० मीटर असू शकते, पण अरुंद, सखल बेटावर ते तेवढे वर साचतच नाही, आणि विहिरीतून अति उपसा केला की खारे पाणी वर चढते. यावर चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने काढलेला उपाय कंकणद्वीपाच्या आकाराचाच फायदा घेतो. भित्तीचा बाहेरचा उतार इतका तीव्र आहे की किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर सुमारे ३५० मीटर खोलीचे, १२-१३ अंश सेल्सिअसचे पाणी मिळते. पृष्ठभागावरचे कोमट पाणी कमी दाबाखाली उकळायचे आणि निघालेली वाफ या थंड पाण्याने द्रवरूप करायची, असे हे तंत्र आहे. दिवसाला एक लाख लिटर क्षमतेचा असा पहिला प्रकल्प २००५ मध्ये कवरत्तीला सुरू झाला, आणि २०११ मध्ये मिनिकॉय व अगत्तीलाही तसेच प्रकल्प उभे राहिले.