घरच्या पाइप गॅसवर गाडी भरता येते का? सातारा-सांगलीकरांसाठी परवाना, पात्रता आणि कागदपत्रे

स्वयंपाकघरात पाइपने गॅस आला आहे किंवा येऊ घातला आहे आणि दारात सीएनजीची गाडी उभी आहे, अशा घरांत एक प्रश्न हमखास निघतो. वायू एकच आहे, मग पंपावर रांग कशाला लावायची? कंप्रेसर आणून अंगणातच गाडी का भरू नये?

उत्तर आधीच सांगतो. घरगुती जोडणीवरून गाडी भरता येत नाही. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे कोणत्याही सिलिंडरमध्ये दाबाखालचा वायू भरायचा तर परवाना लागतो, आणि गाडीच्या डिकीतली टाकी ही कायद्याच्या लेखी सिलिंडरच आहे. स्वतःची जागा, स्वतःची गाडी, स्वतःपुरताच वापर असला तरी या अटीतून सुटका नाही. शिवाय घरगुती जोडणी दिली जाते ती स्वयंपाक आणि पाणी तापवण्यासाठी. तो गॅस गाडीत भरला तर कंपनीशी झालेल्या कराराचाही भंग होतो.

नियम एवढा कडक का, ते दाबाच्या आकड्यांवरून कळते. शेगडीपर्यंत येणारा गॅस २१ मिलिबार दाबाचा असतो आणि गाडीच्या टाकीत तो २०० बारपर्यंत (एक बार म्हणजे हजार मिलिबार) दाबून भरतात. म्हणजे दाब जवळपास साडेनऊ हजार पट वाढवायचा. त्यात घरगुती मीटर बहुतेक ठिकाणी तासाला अडीच घनमीटरच गॅस सोडणारा असतो. टाकीत आठ किलो भरायचे तर चार तासांहून जास्त वेळ लागेल, तोही घरातली शेगडी बंद ठेवून. इतक्या दाबाचे यंत्र रात्रभर घराच्या भिंतीला लागून चालवायचे, तर गळती ओळखणारी यंत्रणा, आपोआप बंद होणारे व्हॉल्व्ह आणि ठरावीक मोकळे अंतर हवे. दाटीवाटीच्या पेठांमध्ये किंवा गावठाणात हे अंतर मिळणे कठीण आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये २००५ पासून होंडा सिव्हिकच्या गॅसवरच्या मॉडेलबरोबर ‘फिल’ नावाचे घरगुती यंत्र विकले जात होते, तेही रात्रभरात सावकाश टाकी भरायचे. तिथले व्हिडिओ पाहून कुणी तसे यंत्र मागवायच्या विचारात असेल, तर कृपया थांबा. जुना कंप्रेसर जोडून घरीच जुगाड करण्याचा विचार तर मनातही आणू नका. दोनशे बारला फुटलेली जोडणी माणसाला सावरायची संधी देत नाही.

मग परवाना मिळतो कुणाला? वाहनात सीएनजी भरण्याचा परवाना ‘पेसो’ ही केंद्रीय संस्था देते. पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षिततेचे काम पाहणाऱ्या या संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे. हा परवाना नमुना ‘जी’ मध्ये मिळतो आणि तो माणसाइतकाच जागेलाही बांधलेला असतो. सातारा आणि सांगली मिळून गॅस वितरणाचे एकच भौगोलिक क्षेत्र आहे. गॅस वितरणाचे हक्क देणाऱ्या २०१८ च्या नवव्या बोली फेरीत ते भारत गॅस रिसोर्सेसला मिळाले, आणि ही कंपनी पुढे बीपीसीएलमध्ये, म्हणजे भारत पेट्रोलियममध्ये, विलीन झाली. त्यामुळे मोकळी जागा आणि गाड्यांचा ताफा असलेली संस्था, कारखाना किंवा पंपचालक यांनी पहिली चौकशी या वितरक कंपनीकडेच करावी. गॅसच मिळणार नसेल तर परवान्यासाठी धावपळ करण्यात अर्थ नाही.

गॅसची खात्री झाली की आधी नकाशांना पूर्वमंजुरी घ्यायची. अर्ज पेसोच्या संकेतस्थळावर होतो. सोबत जागेचा नकाशा, कंप्रेसर, कॅस्केड (गॅस साठवणाऱ्या सिलिंडरांचा संच) आणि डिस्पेन्सर (गाडीत गॅस भरणारे यंत्र) कुठे बसणार याचा आराखडा, आजूबाजूच्या इमारतींपासूनची अंतरे आणि शुल्क. जागेच्या हक्काचे कागद आणि बिगरशेती वापराची बाजूही तयार ठेवा. बांधकाम मंजुरीनंतरच करायचे, कारण आधी शेड उभी केली आणि अंतर कमी भरले तर ती पाडावी लागते. काम पूर्ण झाल्यावर चाचणीचे दाखले जोडायचे, मग परवाना. मांडणीसाठी ओआयएसडी १७९ हे तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाचे सुरक्षा मानक पाहिले जाते. ते ओळखणारा सल्लागार पहिल्या दिवसापासून सोबत असू द्या.

आपला गॅस गाडीत भरता येईल का, असा गोबरगॅसवाल्यांचाही प्रश्न असतो. कच्च्या बायोगॅसमध्ये मिथेनबरोबर कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो, आणि हायड्रोजन सल्फाइड धातू खातो. वाहनासाठी आयएस १६०८७ या भारतीय मानकाप्रमाणे किमान ९० टक्के मिथेन लागते. हे शुद्धीकरण घरच्या टाकीवर परवडणारे नाही. साखर कारखान्यांना मात्र प्रेसमडपासून, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या मळीपासून, हा मार्ग खुला आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालेली केंद्राची ‘सतत’ योजना त्यासाठीच आहे. उसाच्या या पट्ट्यात तिचा जितका उपयोग होईल तितका हवाच आहे.

घरगुती वाहनधारकाने आपली मेहनत खर्चावी ती गाडीच्या कागदांवर. पेट्रोल गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवायचे असेल तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लागू होते. किट आपल्याच मॉडेलसाठी मंजूर झालेले हवे. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनांची चाचणी करणाऱ्या संस्था ही मंजुरी देतात आणि ती तीन वर्षांपुरती असते, म्हणून दाखल्यावरची तारीख स्वतः वाचा. बीएस-६ या प्रदूषण निकषाच्या गाड्यांना बाहेरून किट बसवण्याची मुभा ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेने मिळाली, साडेतीन टनांच्या आतल्या वाहनांसाठी.

किट बसले की १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे: साताऱ्याला एमएच ११, सांगलीला एमएच १०, कराडला एमएच ५०. परिवहन संकेतस्थळावर वाहनातील बदलाचा अर्ज भरा. सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, किटचे बिल, किटच्या मंजुरीची प्रत, बसवणाऱ्या अधिकृत केंद्राचा दाखला आणि टाकीचे चाचणी प्रमाणपत्र लागते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे लेखी संमतिपत्र किट बसवण्याआधीच घ्या. नंतर आरटीओ गाडी पाहून आरसीवर इंधनाची नोंद बदलते. परवानगीत न बसणारा बदल केला तर कलम १८२ अ खाली दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते.

आरसी हातात आली की विमा कंपनीकडून आयएमटी २५ ची, म्हणजे पॉलिसीत गॅस किटची, नोंद करून घ्या. ती नसेल तर गाडीला आग लागल्यावर दाव्यात अडचण येते, आणि थोडा जादा हप्ता वाचवण्यासाठी एवढा धोका घेऊ नये. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने चाचणी, दर तीन वर्षांनी करावी लागते. पुढच्या चाचणीची तारीख आरसीच्या पाकिटावर लिहून ठेवा आणि मुदतीच्या महिनाभर आधीच चाचणी केंद्रात वेळ घ्या, कारण टाकी उतरवून तपासायची असल्याने गाडी एखाद-दुसरा दिवस तिथेच राहू शकते.