‘बारीक दिसण्याचं खूळ, मनावर घेतलं की सुटेल’ हे खरं नाही

खाण्याचे विकार (स्वतःला उपाशी ठेवणं, किंवा खूप खाऊन मग उलट्या काढणं, असे मानसिक आजार) म्हणजे मुलींचं बारीक दिसण्याचं खूळ, त्यांनी मनावर घेतलं की सुटतं, असा एक समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो काळजीपोटीच पुढे पाठवला जातो, पण चुकीचा आहे.

हे विकार कशामुळे होतात? एखादा जोखमीचा घटक, म्हणजे विकाराची शक्यता वाढवणारी गोष्ट, ठरवायचा तर तो विकाराच्या आधीपासून हजर होता हे दाखवावं लागतं. म्हणून संशोधक निरोगी मुलींना प्रश्न विचारून ठेवतात आणि पुढे अनेक वर्षं त्याच मुलींची विचारपूस करत राहतात. अशा अभ्यासांत स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी, बारीकपणाच सुंदर हा मनात रुजलेला आदर्श आणि कडक डाएटिंग हे घटक पुन्हा पुन्हा पुढे येतात. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचाही मोठा वाटा दिसतो. तो कोणी निवडलेला नसतो!

‘मनावर घेणं’ का पुरत नाही? १९४४-४५ मध्ये अमेरिकेत ३६ निरोगी तरुण पुरुष स्वेच्छेने सुमारे सहा महिने अर्धपोटी राहिले. त्यांच्या डोक्यात सतत अन्नाचेच विचार घोळू लागले, उदासी आणि चिडचिड वाढली. उपासमार स्वतःच मन बदलते.

एखाद्या मुलीला असा विकार आहे का हे पडताळायचं तर नुसत्या वजनाकडे पाहू नका, कारण साधारण वजनाच्या मुलींनाही हे विकार होतात. जेवण टाळणं, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाणं, चोरून खाणं, पाळी चुकणं असं काही दिसलं, तर तिला न रागावता डॉक्टरांकडे घेऊन जा.