कॉक्लिअर इम्प्लांट : प्रौढांची पात्रता

ऐकू येणे फारच कमी झालेल्या कोणत्या प्रौढ व्यक्तीला कॉक्लिअर इम्प्लांट द्यावे, हे ठरवण्याचे निकष. श्रवणयंत्र आवाज नुसता मोठा करते. इम्प्लांटची तार आतल्या कानातील शंखाकृती कर्णावर्तात सरकवलेली असते आणि ती श्रवणतंत्रिकेला थेट विद्युत संदेश देते. शस्त्रक्रियेत कानाचे उरलेसुरले नैसर्गिक ऐकणे जाऊ शकते, त्यामुळे श्रवणयंत्राने भागत असेल तर सहसा कोणी त्या वाटेला जात नाही.

अमेरिकेत 1984 मध्ये प्रौढांसाठी परवानगी मिळाली तेव्हा उमेदवार जवळजवळ पूर्ण बहिरा असावा लागे. पुढे यंत्रे सुधारली आणि रेषा सरकत गेली. तेथील मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्यात श्रवणयंत्र लावून 40 टक्क्यांपर्यंतच वाक्ये समजणारे पात्र ठरत. 2022 मध्ये ही मर्यादा 60 टक्के झाली.

ब्रिटनमधील बदल अधिक बोलका आहे. आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक निकष ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेच्या 2009 च्या निकषांनुसार उच्च वारंवारतांना (उंच पट्टीच्या आवाजांना), म्हणजे 2,000 आणि 4,000 हर्ट्‌झला 90 डेसिबलपेक्षा मोठाच आवाज ऐकू येणे आवश्यक होते. मार्च 2019 मध्ये ही पातळी 80 डेसिबलवर आली. तीही 500 ते 4,000 हर्ट्‌झमधील पाचपैकी कोणत्याही दोन वारंवारतांना, दोन्ही कानांत. दहा डेसिबल किरकोळ वाटतात, पण या मापनात त्यांचा अर्थ ध्वनीची तीव्रता दसपट असा होतो.

बोलणे किती समजते याची चाचणीही बदलली. आधी वाक्ये ऐकवत. वाक्यात मात्र संदर्भावरून अंदाज बांधता येतो: ‘आईने चहात साखर...’ एवढे कळले की पुढचे न ऐकताही सांगता येते. आता आर्थर बूथरॉयड यांच्या सुट्या, छोट्या शब्दांच्या याद्या वापरतात आणि गुण ध्वनीमागे देतात. मराठीत समजायचे तर ‘पाठ’ऐवजी ‘पाट’ ऐकू आल्यास तीनपैकी दोन गुण. श्रवणयंत्र लावूनही 50 टक्क्यांपेक्षा कमी गुण पडले, तर यंत्राचा पुरेसा लाभ नाही असे मानतात. त्याआधी सहसा किमान तीन महिने यंत्र वापरून पाहावे लागते.

गुणांपलीकडेही बरेच असते. एमआरआयमध्ये श्रवणतंत्रिका दिसलीच नाही तर रोपण निरर्थक. मेंदुज्वरानंतर कर्णावर्तात हाड भरू लागते, तेथे दिरंगाई परवडत नाही. वय हा स्वतंत्र अडसर नाही. सत्तरी-ऐंशीतील माणसांनाही चांगला फायदा होतो. जन्मतः बहिऱ्या आणि बोली भाषा कधीच न ऐकलेल्या प्रौढाला मात्र बोलणे समजण्याची अपेक्षा बेताचीच ठेवावी लागते, आणि हे आधीच स्पष्ट सांगणे हा मूल्यमापनाचाच भाग आहे.

ब्रिटनमध्ये प्रौढाला सामान्यतः एकाच कानात इम्प्लांट मिळते; दृष्टिहीनांना किंवा इतर अपंगत्वामुळे ऐकण्यावर अधिक विसंबणाऱ्यांना दोन्ही कानांत. भाषेचीही दखल घेतलेली आहे: उमेदवाराला पुरेशा अवगत असलेल्या भाषेत चाचणी शक्य नसेल, तर मूल्यमापनाचे अन्य मार्ग विचारात घ्यावेत असे ‘नाइस’ सांगते. मुलाकडे लंडनला राहायला गेलेल्या मराठी आजीला इंग्रजी शब्द ओळखता आले नाहीत, तर तो दोष कानाचा की भाषेचा, हे त्या गुणांवरून कळणार नाही.