थवा, वसाहत आणि जीवसंख्या: एका संज्ञेची पार्श्वभूमी

ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांची (फ्लेमिंगोंची) गणना जाहीर झाली की आकडा वाढला की घटला, एवढ्यावरच चर्चा थांबते. समूहाने राहणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत असा आकडा नेमके काय सांगतो, हा प्रश्न जुना असला तरी त्याची नेटकी मांडणी अलीकडचीच आहे.

संख्या घटली की उरलेल्यांच्या वाट्याला अन्न व जागा अधिक येते आणि वाढीचा वेग सावरतो, असे दीर्घकाळ मानले जात असे. १९३० च्या दशकात सोनेरी माशांवरील प्रयोगांनी त्याला छेद दिला. चांदीचे सूक्ष्म कण मिसळलेल्या विषारी पाण्यात एकटा मासा लवकर दगावे, घोळक्यातले मासे मात्र अधिक काळ तगत, कारण साऱ्यांच्या अंगावरच्या चिकट स्रावाने विष खाली बसे. विरळपणाच मारक ठरण्याच्या या प्रकाराला पुढे, हे प्रयोग करणारे अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ वॉर्डर ॲली यांच्यावरून, ‘ॲली परिणाम’ हे नाव पडले.

खरा गुंता या नावाचाच आहे. १९९९ मध्ये त्याचे दोन अर्थ वेगळे केले गेले. समूह लहान झाल्यावर जगणे, वीण यांपैकी एखादी बाब बिघडते, हा पहिला; साऱ्या बाबींची बेरीज होऊन दरडोई वाढीचा दरच घसरतो, हा दुसरा. पहिला दिसला म्हणून दुसरा असतोच असे नाही, कारण लहान थव्यात शिकारी पक्ष्यांचा धोका वाढला तरी अन्नाची चढाओढ कमी होते. पुढे आफ्रिकी रानकुत्र्यांच्या अभ्यासातून तिसरी पातळी पुढे आली: लहान टोळीला पिल्ले वाढवणे जड जाते, पण एक टोळी मोडली तरी दुसऱ्या टोळ्या तो तोटा भरून काढू शकतात, त्यामुळे टोळीचे नुकसान साऱ्या टोळ्या मिळून बनणाऱ्या जीवसंख्येत उमटेलच असे नाही.

मराठीत हा घोळ अधिकच वाढतो, कारण ‘संख्या’ या एका शब्दावर आपण सारे भागवतो. ओहोटीला चिखलावर चोच उलटी धरून शेवाळ गाळणारे रोहित हा थवा. कच्छच्या रणात मातीची बुटकी घरटी करून जोडीमागे एकच अंडे घालणारे पक्षी ही वसाहत. आणि जीवसंख्या या दोहोंहून व्यापक. पुरेसे पक्षी जमल्याखेरीज रोहित विणीस धजत नाहीत. प्राणिसंग्रहालयांत लहान थव्यांना आरसे लावून गर्दीचा भास द्यावा लागला आहे. म्हणजे खाडीत हजारो पक्षी दिसले तरी रणात पाणी नीट न साचल्यास त्या वर्षी पिल्लांची भर जवळजवळ शून्य असू शकते. खाडीतील गणनेला सरळ ‘जीवसंख्या’ म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे.

ही गल्लत सीमा आखतानाही भोवते. खाडीचा भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला व २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेला. पण भरतीला चिखल बुडाला की बरेच पक्षी नेरूळच्या पाणथळींवर जाऊन बसतात आणि या जागा त्या अभयारण्याबाहेर आहेत. त्या राखायच्या की नाही या वादात ‘पक्षी दुसरीकडे जातील’ हा युक्तिवाद वारंवार होतो. त्यात एकेकटा पक्षी गृहीत धरलेला असतो. थव्याला मात्र एकाच वेळी सारे उतरू शकतील एवढे उथळ पाणी लागते.